शून्य वेगाची भागुबाई

पिंपळगाव बसवंत,
१२ जून

प्रिय संजू,

पार्सल फोडून आधी पत्र हातात घेतलं असशील तर शाबास. आधी गेम घेतला असशील तर तो खाली ठेव आणि हे वाच. हो, हा तुझाच जुना गेम आहे. बंगळूरला जाताना कपाटाच्या खालच्या खणात टाकून 'भंगारवाल्याला द्या' म्हणाली होतीस, तोच. मी दिला नाही. मी तो खेळतो. हसू नकोस. तुझा बाप, वय वर्षं एकोणसाठ, द्राक्षाच्या पॅकहाऊसमधला निवृत्त ग्रेडिंग सुपरवायझर, गेले अकरा महिने राक्षसांच्या झुंजी लावतोय आणि आता बऱ्यापैकी जिंकतोय. मागच्या रविवारी गंगापूर रोडच्या कॅफेत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलाला मी सातव्या चालीत गार केलं. त्याने उठून माझ्या पाया पडायला सुरुवात केली, मी म्हटलं, बस बाबा, अजून दोन डाव बाकी आहेत.

पत्र का लिहितोय असं तुला वाटेल. फोनवर तू 'हं अण्णा, हं अण्णा' करत लॅपटॉपवर टाइप करत असतेस, मला बटणांचा आवाज येतो. पत्राला तसं करता येत नाही. आणि काम तसं मोठं आहे. अठ्ठावीस तारखेला, रविवारी, गंगापूर रोडलाच जोड्यांची स्पर्धा आहे. दोन खेळाडू, प्रत्येकाचे तीन राक्षस, मिळून सहांचा संघ. पहिल्या दोन जोड्या दिल्लीला जाणार. तू त्यात खेळावंस असं मला वाटतं, आणि मी बांधलेल्या संघाने खेळावंस असं वाटतं. तीन वर्षं तू या खेळाला शिवली नाहीस. ज्या मुलीने बारावीच्या सुट्टीत जेवणाच्या ताटापाशी बसून मला कुठला राक्षस कुणाला भारी ते शिकवलं, ती खेळाचं नाव काढलं तरी विषय बदलते. त्याचं कारण आपल्या दोघांनाही माहीत आहे असं तुला वाटतं. फॉर्म वीस तारखेपर्यंत भरायचा आहे. मी आणून ठेवलाय.

आता संघाबद्दल सांगतो. तुला शिकवतोय असं समजू नकोस, मला किती कळलंय ते तपास. मागच्या जुलैत निवृत्त झालो आणि पंधरा दिवसांत तुझ्या आईने हात टेकले. मी तिचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, कांदे मोठे, मध्यम, बारीक असे तीन टोपल्यांत वेगळे केले, भेंड्या मोजून एका मापाच्या वर काढल्या. ती म्हणाली, 'तुमचं ग्रेडिंग बाहेर कुठं तरी करा, माझ्या ओट्यावर नको.' मग मी कपाट उघडलं, गेम चार्ज केला आणि नाशिकला बस बदलून थेट देवळाली कॅम्प गाठला. तिथे माझे गुरू राहतात. नाव आत्ता सांगत नाही, सांगितलं तर तू पत्र इथेच मिटशील. गुरूंना म्हटलं, मला शिकव. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, चहा पाजला आणि म्हणाले, 'संघ आणलाय का?' मी रुबाबात संघ दाखवला. सहाच्या सहा मारकुटे. मोठाले, लालभडक, दात बाहेर आलेले. पॅकहाऊसची सवय दुसरं काय! पेटीत सगळे घड एका मापाचे, एका रंगाचे, मण्याला मणी जुळलेला. त्या दिवशी मी सलग अकरा वेळा हरलो. गुरू एकदाही हसले नाहीत, याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या रविवारी त्यांनी वहीच्या पानावर माझे सहा राक्षस लिहिले आणि प्रत्येकापुढे लिहिलं, याला कशाने लागतं. पाच जणांपुढे 'पाणी' लिहिलेलं. म्हणजे समोरून पाण्याचा एक राक्षस आला की माझी अख्खी पेटी सडत होती. हे मला न सांगता कळायला हवं होतं. सगळी बाग एकाच वाणाची लावली आणि रोग आला की काय होतं ते मी तीस वर्षं या डोळ्यांनी पाहिलंय. मग एकेक करून मी संघ मोडला. मारकुटा एकच ठेवला, त्याचं नाव ट्रॅक्टर. त्याच्या जोडीला कंटेनर, हळू चालतो पण ज्याच्या अंगावर जाईल त्याला उठू देत नाही. पाण्याचा त्रास नाही असा फवारा घेतला, तो समोरच्याला झोपवतो. एक अशी घेतली की जी स्वतः फारशी मारत नाही, पण बाकीच्यांचे घाव भरते, विष उतरवते आणि सगळे आडवे झाले तरी उभी असते. तिचं नाव मीना ठेवलंय. तुझ्या आईला सांगू नकोस. आणि पुढे उभा राहायला बांध. या बांधावरून माझं आणि गुरूंचं दोन महिने भांडण चाललं. बांध कुणाला मारत नाही. नुसता पुढे उभा राहतो, समोरच्याचा फटका अंगावर घेतो, आणि त्याच्या आडून ट्रॅक्टर काम करतो. मी म्हणायचो, एक जागा फुकट घालवायची ती कशाला? गुरू म्हणाले, 'काका, जो मार खातो ना, मॅच तोच जिंकून देतो. स्कोअरमध्ये दिसत नाय, एवढंच.' मी ऐकलं नाही. बांध काढून पुन्हा मारकुटा घातला आणि पुन्हा हरलो. मग मुकाट्याने बांध परत आणला. आता बांधाशिवाय मी मैदानात उतरत नाही.

पाच झाले. सहावी कोण ते तू ओळखलं असशील. तुला आठवते ना आपली खरी भागुबाई? पेठच्या बाजूची. दर जानेवारीत आपल्या माणसांबरोबर यायची, एप्रिल संपला की परत डोंगरात. तू चौथी-पाचवीत असताना सुट्टीच्या दिवशी पॅकहाऊसमध्ये तिच्याच टेबलाशी जाऊन बसायचीस आणि ती तुला कात्री धरायला शिकवायची. तिच्या पेट्या सगळ्यांत कमी भरायच्या. मालकांनी दोनदा मला सांगितलं, ही बाई बदला. मी बदलली नाही. तिची पेटी कधी परत आली नाही हे एक कारण, पण खरं कारण वेगळं होतं. गारपिटीचा, फुटका माल आला आणि घडातला एकेक मणी कात्रीने काढायची वेळ आली, की भरभर हाताच्या बायका वैतागून मागे पडायच्या आणि भागुबाई सगळ्यांच्या पुढे निघून जायची. असे दिवस हंगामात पाच-सहाच येतात, पण हंगाम त्याच दिवसांत वाचतो किंवा बुडतो. म्हणून तू तुझ्या त्या राक्षसिणीचं नाव भागुबाई ठेवलंस तेव्हा मला किती आवडलं होतं! तुझी भागुबाई मैदानात आली की 'उलटी चाल' खेळायची, मग पाच चाली सगळा क्रम फिरायचा. जो सगळ्यांत हळू तो आधी मारणार. तुझे कंटेनरसारखे जडशीळ राक्षस मग वाऱ्यासारखे सुटायचे. यंदा मार्चमध्ये भागुबाई मला बाजारात भेटली. मी तिला सांगितलं, संजूने तुझं नाव एका राक्षसाला दिलंय. ती तोंडावर पदर घेऊन इतकी हसली. म्हणाली, 'राकीसाला? बरं हाय. कोनी तरी भिईल मला.'

तर तशीच भागुबाई मी पुन्हा तयार केली आहे. आठ महिने लागले. तुला सांगायला नको की राक्षसाला जन्मतः सहा आकडे मिळतात, शून्य ते तीस, आणि पुढे काही केलं तरी ते बदलत नाहीत. मला ताकद, ढाल, सगळं तीसच्या आसपास हवं होतं आणि वेग बरोबर शून्य. एक नाही, दोन नाही, शून्य. कारण उलट्या चालीत एका आकड्यानेही समोरचा आपल्या आधी मारून जातो. अंडी उबवायची, चालत राहायचं, पिल्लू बाहेर आलं की आकडे बघायचे, नको असेल तर सोडून द्यायचं, की पुन्हा पहिल्यापासून. पूर्वी तुझ्यासाठी हेच काम करायचो मी, आठवतं? बातम्या बघत अंगठ्याने तुझा खेळाडू गोल गोल फिरवायचो, आणि तू आतून ओरडायचीस, 'अण्णा, फुटलं का?' यंदा ओरडायला कुणी नव्हतं. तुझी आई अधूनमधून विचारायची, 'झाली का बाळंतीण?' चौदाशे बारा अंड्यांनंतर, एप्रिलच्या एका दुपारी, झाली. वेग शून्य. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. तुझ्या आईला बोलावून आकडा दाखवला. ती म्हणाली, 'शून्यासाठी एवढा आनंद?' तिला काय सांगणार?

आता तीन वर्षांपूर्वीचं लिहितो. तुला ते नको आहे हे माहीत आहे, पण त्याशिवाय हे पत्र अर्धं राहील. पुण्याची राज्य स्पर्धा शनिवारी होती. संघाची यादी तुम्ही बुधवारीच देऊन टाकली होती, त्यात बदल चालत नव्हता. शुक्रवारी कॉलेजात तू गेम रोहितकडे दिलास. राक्षसांच्या अंगावर काय काय चढवायचं असतं, ताईत म्हण, चिलखत म्हण, ते त्याला तुझ्यापेक्षा चांगलं जमायचं. अकरावीपासूनचा तुझा दोस्त, तुला या खेळात आणणाराच तो. शनिवारी सकाळी बसस्टँडवर त्याने गेम परत दिला, तू बसमध्ये उघडलास आणि भागुबाई नव्हती. सोडून दिलेला राक्षस परत येत नाही. तू पाच जणांवर खेळलीस, उलटी चाल नाही म्हणून तुझे सगळे जड राक्षस शेवटी मारत राहिले, आणि दुसऱ्याच फेरीत बाहेर पडलीस. मग त्या हॉलमध्ये, पन्नास पोरांसमोर, तू रोहितला म्हणालीस की पुढच्या फेरीत तुझ्याशी गाठ पडणार होती म्हणून त्याने मुद्दाम ती सोडून दिली. तो एवढंच म्हणाला की मी हात लावला नाही. त्यानंतर तो स्वतःची फेरीही खेळला नाही, एकटा बसने देवळालीला परत गेला. तू मला फोन केलास. रडत होतीस. 'अण्णा, रोहितने माझी भागुबाई सोडून दिली.' मी म्हटलं, 'जाऊ दे बाळा.' त्या दिवसापासून या घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही. तू गेम टाकलास, दोस्त टाकलास आणि पहिली नोकरी मिळाली ती थेट बंगळूरची घेतलीस.

संजू, तुझी भागुबाई मी सोडून दिली. गुरुवारी दुपारी. जर्नलं लिहून लिहून तू आडवी झाली होतीस. सकाळी जेवताना कुरकुरली होतीस की गेममधली राक्षसांची खोकी भरून गेलीत, नवीन राक्षस ठेवायला जागा नाही आणि आवरायला वेळ नाही. मी म्हटलं, पोरगी उठायच्या आत आवरून ठेवू, खूश होईल. तूच शिकवलं होतंस, आकडे बघायचे आणि कमी असेल ते सोडायचं. मी तीस वर्षं जे केलं तेच केलं. मोठे वर, छोटे खाली, एका जातीचे एका रांगेत, आणि मापात न बसणारे बाजूला. एकीच्या वेगापुढे शून्य होतं. उलट्या चालीला शून्यच लागतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, माझ्या लेखी शून्य म्हणजे रिजेक्ट. वर तिचं नाव इंग्रजीत लिहिलेलं असणार, पण खोक्यावरचं नाव वाचायची मला सवय नाही, मी आकडा बघतो. मालकांशी भांडून ज्या भागुबाईला मी टेबलावर ठेवलं, तिला मी तुझ्या खोक्यातून स्वतःच्या अंगठ्याने घालवलं. तुला सांगायचं विसरलो, कारण मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मला एका क्षणात सगळं कळलं. आणि मी 'जाऊ दे' म्हणालो. चूक दुपारची होती, ती अडाणीपणाने झाली, तिची मला लाज नाही. त्या 'जाऊ दे'ची आहे. तू आधीच रडत होतीस, उद्या सांगू असं म्हटलं, आणि मग उद्या, परवा, असं करत तीन वर्षं गेली.

माझे गुरू कोण ते आता तुला कळलं असेल. पहिल्याच रविवारी मी त्याला हे सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो, पण अकरा वेळा हरून परत आलो. सांगायला एप्रिल उजाडला. नवी भागुबाई खिशात घेऊन गेलो आणि त्याच्या दारातच बोलून टाकलं. रोहित म्हणाला, 'काका, मला तेव्हाच माहीत होतं.' शुक्रवारी त्याने गेम उघडला तेव्हा खोकी लखलखीत होती, मोठे वर, छोटे खाली, रांगेत. तुझी खोकी म्हणजे कायम उकिरडा, हे त्याला माहीत. त्याला वाटलं, काकांनी आवरून दिलं, भागुबाई तू कुठे तरी हलवली असशील. शनिवारी तू ओरडलीस तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, मग तू बोलला का नाहीस? तर म्हणाला, 'तेव्हा बोललो असतो तर ती माझ्याशी बोलली असती, तुमच्याशी नसती बोलली. तिला घरी तर जायचंच होतं ना काका.' पोरी, मी तिथे ओट्यावर बसून रडलो, हे तुला लपवत नाही. तीन वर्षं तो माझा फटका अंगावर घेऊन उभा होता आणि वर अकरा महिने मला बांध कसा वापरायचा ते शिकवत होता. तुझ्या आईला मी काल सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, मसाल्याचे डबे मात्र तिने मुद्दाम उलटेपालटे करून ठेवलेत. तर गेम तुझ्या हातात आहे, संघ चांगला आहे, मी हमी देतो. फॉर्मवर जोडीच्या पहिल्या जागेवर रोहितने स्वतःचं नाव लिहिलंय. दुसरी जागा त्याने मला भरू दिली नाही, म्हणाला, 'ती स्वतः सांगेल तेव्हाच.' मला फोन करू नकोस. आधी त्याला कर. माझ्यावर रागवायला तुला सगळं आयुष्य पडलंय, फॉर्म मात्र वीस तारखेपर्यंतच आहे.

तुझाच,
अण्णा